नापास हृदय

शाल्मलीच्या काचेच्या बशीतलं हृदय नखाएवढं होतं, पण धडधडत होतं. नववीच्या जीवशास्त्राला आता पेपर नव्हता. प्रत्येकीने आपल्या गालाच्या आतून खरवडलेल्या पेशींपासून हृदय वाढवायचं आणि यंत्राने त्याला मार्क द्यायचे. शाल्मलीला यंत्राने पुन्हा नापास केलं होतं.

"ठोका चुकतोय गं," दाभाडे मॅडम म्हणाल्या. "खाद्य वेळेवर घातलं नसशील."

"मॅडम, दिवाळीत स्वतःचा फराळ सोडून मी ह्यालाच भरवत बसले होते. ती अन्वी सुट्टीभर गोव्यात, आणि तिला पैकीच्या पैकी. तुमचं यंत्रच बिघडलंय."

"यंत्राला नावं ठेवू नकोस. हात आण इकडे."

मॅडमनी तिची नाडी धरली आणि नजर बशीवर ठेवली. बशीतलं हृदय दोनदा धडधडायचं, थबकायचं, मग पुन्हा धडधडायचं. मॅडमच्या बोटांखालीही अगदी तेच चाललं होतं. हात न सोडता त्यांनी दुसऱ्या हाताने शाल्मलीच्या आईला फोन लावला.

"आईला कशाला मध्ये घेताय?" शाल्मली वैतागली. "हृदय हुबेहूब माझ्यासारखं वाढलंय, हे आता तुम्हीच पाहिलंत. मग मार्क द्या ना."