लाकडी बटणांचा निळा कोट

“बाबा, उठा. लोक बघताहेत,” लेक दातांतल्या दातांत म्हणाली.

बाबा उठले नाहीत. दुकानाच्या मधोमध ते एका पुतळ्यापुढे गुडघे टेकून बसले होते. पुतळ्याला डोकं नव्हतं, पण अंगात निळा कोट होता, लाकडी बटणांचा. बाबा कोटाची खालची दुमड चिमटीत धरून इंच इंच पुढे सरकत होते. दोन बायका फोटो काढत होत्या. त्यांना ती प्रार्थना वाटली असावी.

पुतळ्याला वळसा पूर्ण झाल्यावर बाबांनी खिशातून कालच्या बसचं तिकीट काढलं, मागच्या बाजूला पेन्सिलीने एक रेघ मारली आणि पुढच्या निळ्या कोटाकडे वळले.

“काय मोजताय एवढं?”

“काही नाही गं. सवय.”

बाबा शिंपी. तीस वर्षं एका कारखान्यात कोटांना अस्तर लावत आलेले. कोट खोक्यांत भरून परदेशी जायचे, त्यामुळे घरात एकाकडेही कोट नव्हता. ही सहल लेकीच्या पहिल्या बोनसची. तिला तलाव आणि बर्फाचे डोंगर हवे होते. पण आजवर भाजीसुद्धा स्वतःच्या मनाने न निवडलेल्या बाबांनी या वेळी देश निवडला, शहरही निवडलं. तेव्हा तिला भरून आलं होतं. आता चौथ्या दुकानात तिला जमीन दुभंगली तर बरं, असं वाटत होतं.

एव्हाना एक पहारेकरी त्यांच्या मागून फिरायला लागला होता. आईला तो मदतनीस वाटला. तिने त्याच्या हातात दोन पिशव्या दिल्या. त्याने घेतल्या.

“हा चॉकलेटचा डबा मावशीला, हा वहिनींना, हा दूधवाल्याला,” आई म्हणाली.

“आणि आत्याला?”

“तिला कशाला? तिने तिचं नेलंय.”

आठ महिन्यांत आईने ही गोष्ट ऐकवली नाही असा माणूस उरला नव्हता. म्हणून तिने ती पहारेकऱ्याला ऐकवली. लग्नातली अंगठी बोटात रुतायला लागली. सोनाराकडून सैल करून आणा म्हणून तिने ती सकाळी टेबलावर काढून ठेवली. संध्याकाळी हे कारखान्यातून आले आणि म्हणाले, टेबलावर नव्हतीच. दिवसभरात घरात आली होती फक्त ह्यांची बहीण. वाटीभर साखर मागायला.

“वाटीभर,” आईने हाताची वाटी करून दाखवली. पहारेकऱ्याने सहानुभूतीने मान हलवली.

तेव्हापासून आत्याला दार बंद होतं. लेक आत्याच्या कडेवर वाढली होती, पण हा विषय निघाला की तीही गप्प बसायची. बाबांचं काय म्हणणं होतं ते कोणी विचारलं नव्हतं. आत्तासुद्धा ते पुढच्या रांगेत गेले होते.

दुपारी राजवाडा. तिकिटाबरोबर कानाला लावायचं माहितीचं यंत्र मिळालं. आईचं यंत्र कुठल्यातरी तिसऱ्याच भाषेत बोलत होतं. तिने ते शेवटपर्यंत ऐकलं आणि ठिकठिकाणी हळहळली.

सिंहासनापाशी पोचल्यावर लेकीच्या लक्षात आलं, बाबा नाहीत. ती धावत प्रवेशद्वारापाशी आली. तिथे पाहुण्यांचे कोट टांगून ठेवायची जागा होती. बाबा काउंटरखालून आत शिरले होते आणि अनोळखी माणसांच्या कोटांच्या दुमडी चाचपत होते. फक्त निळ्या. तिथल्या बाईने त्यांचा दंड धरला होता. मागे वीसेक माणसांची रांग होती.

“हे तुमच्याबरोबर आहेत का?” बाईने तिच्या भाषेत लेकीला विचारलं.

“नाही,” लेक म्हणाली.

बाबांना ती भाषा येत नव्हती. पण लेकीची मान हललेली त्यांनी पाहिली. ते मुकाट्याने बाहेर जाऊन पायरीवर बसले, जणू त्यांचीही तिच्याशी ओळख नाही.

पुढचा तासभर लेक भिंतीवरच्या एकाही राजाच्या नजरेला नजर देऊ शकली नाही. तळमजल्यावर येईपर्यंत तिला सगळं उमगलं. माणूस जन्मभर दुसऱ्यांसाठी कोट शिवतो. साठीला आल्यावर एक स्वतःला हवासा वाटतो. मागायची लाज वाटते, म्हणून नुसता हात लावून बघतो. आणि आपण काय म्हणालो? नाही.

आईबाबांना बाकावर बसवून ती सकाळच्या त्याच दुकानात गेली. बाहेर टांगलेल्या कोटांना फार हात लागले होते, मुख्यतः बाबांचेच. तिने आतल्या खोलीतून कोरा कोट मागवला.

संध्याकाळी हॉटेलात आई अंघोळीला गेल्यावर तिने पिशवी बाबांच्या मांडीवर ठेवली.

“तुमचा. दिवसभर बघत होतात ना.”

बाबांनी पिशवीतून कोट काढला. त्यांनी कोट अंगाला लावला नाही. तो उलटा केला आणि दुमड चिमटीत धरली. या टोकापासून त्या टोकापर्यंत, मग पुन्हा उलट. मग बाह्या. हळूहळू त्यांचा चेहरा उतरला.

“आवडला नाही?”

“छान आहे गं.”

“बाबा, दुपारी मी त्या बाईला…”

“बरोबर बोललीस. माझ्यासारख्याला कोण ओळख देईल?”

त्यांनी न्हाणीघराच्या दाराकडे पाहिलं. आत पाणी वाहत होतं, आई गुणगुणत होती. बाबांनी आवाज खाली आणला.

“टेबलावर होती ती.”

“कोण?”

“अंगठी. संध्याकाळी सोनाराकडे द्यायची, तर हरवायला नको म्हणून करंगळीत घातली आणि तसाच मशीनवर अस्तरं लावत बसलो. घरी आलो तर करंगळी मोकळी.”

लेक कोटाकडे बघत राहिली. बाबांनी खिशातून तिकीट काढलं, पेन्सिलीला टोक आहे का पाहिलं आणि आणखी एक रेघ मारली.

“बाराशे निळ्या कोटांची खेप होती, याच शहरात आलेली,” ते म्हणाले. “हा धरून एकसष्ट झाले.”