विजेची बंदूक

मथुराबाईचं पत्र येऊन सहा वर्षं झाली होती आणि निवृत्त फौजदार नंदकिशोर मुळ्यांनी त्याला उत्तर दिलं नव्हतं. कापसाचा भाव पडला, सरकी काढायचा जिनिंग कारखाना बंद झाला, तेव्हा कामावरून काढलेला तिचा मुलगा मारोती मुकादमावर सुरी घेऊन धावला होता. मुळ्यांनी गोळी झाडली आणि चौकशीत ते निर्दोष ठरले. बाईनं कोणाकडून तरी लिहून घेतलं होतं, "साहेब, तुमची चूक म्हणत नाही. पण विजेचा झटका देऊन माणसाले फक्त पाडते, अशी बंदूक असते म्हणे. तशी तुमच्यापाशी असती, त माहा मारोती वाचला असता का?"

"आता कायले लिहिता?" मुळ्यांच्या पत्नी रजनीबाई म्हणाल्या. "लिहायचंच तर 'नसता वाचला' लिहा. म्हातारीचा जीव तरी शांत होईल."

"तेच लिहायला रोज बसतो. हात चालत नाही."

संध्याकाळी चौकात जाऊन मुळ्यांनी उघडं पोस्टकार्ड पेटीत टाकलं. त्यावर एवढंच होतं, "मथुराबाई, वाचला असता. तशी एक बंदूक आमच्या ठाण्यात आली होती. नवी वस्तू बिघडेल, म्हणून मीच ती कपाटात कुलूप लावून ठेवली होती."