आवाजाची ओळख

"बटाटे तीनवर, मासा सहावर, वाटाणे नऊवर," डेसमंड हळूच म्हणाला. "लिंबाच्या बिया काढल्यात."

मॉरीननं काटा बरोबर सहावर टोचला. ताटाचं हे घड्याळ तिला त्यानंच शिकवलं होतं. तिचे डोळे गेल्यावर वर्षभरानं तो अंधांच्या संस्थेतर्फे तिला वर्तमानपत्र वाचून दाखवायला येऊ लागला आणि मग येतच राहिला. त्यालाही आता नऊ वर्षं झाली.

"आणखी काही देऊ?" वेटर मुलीनं विचारलं.

डेसमंड काहीतरी बोलला.

"काय म्हणालात? मोठ्यानं बोला हो जरा, कान किटलेत माझे!"

"दोन चहा," मॉरीन म्हणाली. "याचं बोलणं असंच आहे गं. याला ऐकायचं तर माझ्यासारखे कान हवेत."

लीड्समधलं ते हॉटेल शनिवारी दुपारी तुडुंब भरलेलं होतं. डेसमंडला गोंगाट सोसत नसे, पण जागा मॉरीन निवडायची. दर दोन-तीन महिन्यांनी त्यांची अशी शनिवार-रविवारची सहल ठरलेली. कधी यॉर्क, कधी शेफील्ड, कधी न्यूकॅसल. एक नाटक, एखादा विनोदी कार्यक्रम, दोन जेवणं. "आमची बायको नाटकवेडी," असं तो कौतुकानं सांगे.

मॉरीनला नाटकाचं काडीचंही वेड नव्हतं. जिथं पुरुष मोठ्यानं बोलतात तिथं ती जायची. ती एक आवाज शोधत होती.

दहा वर्षांपूर्वी, ऑक्टोबरातल्या एका संध्याकाळी, सायकलवरून घरी जाताना तिला गाडीनं उडवलं; तिचे डोळे त्यातच गेले. गाडीवाला थांबला, खाली उतरला आणि ओरडला, "कुणी आहे का तिकडं?" मग पुन्हा एकदा तेच. चरात पडलेल्या मॉरीनला वाटलं, देवमाणूस भेटला, मदत बोलावतोय. कुणाचंच उत्तर आलं नाही. मग गाडीचं दार आपटलं आणि गाडी निघून गेली. कुणी पाहिलं तर नाही ना, एवढीच त्या मेल्याला खात्री करून घ्यायची होती.

त्या हाकेची गोष्ट कुणालाही सांगू नका, असं पोलिसांनी तिला बजावलं होतं. वर्तमानपत्रात आलं ते एवढंच, की बाईंना काही आठवत नाही. पोलिसांनी फाइल केव्हाच मिटली, पण तिनं तोंड उघडलं नाही. डेसमंडलाही सांगितलं नाही. त्या संध्याकाळचा विषय निघाला की तोच कासावीस व्हायचा. इतक्या हळव्या माणसाला आणखी कशाला छळा?

आणि यंदा जानेवारीत रेडिओवर दीपगृहाच्या राखणदाराचं एक नाटक लागलं. धुक्यात हरवलेल्या नावेला राखणदार हाक मारतो, "कुणी आहे का तिकडं?" मॉरीन कांदा चिरत होती. सुरी बोटात घुसली. नटाचं नाव होतं लायनल हार्कर, आणि आता तेच नाटक घेऊन तो लीड्सला आला होता.

एक वाजता ते नाट्यगृहात पोचले. प्रयोगाआधी अंध प्रेक्षकांना रंगमंचावर नेतात, सगळं हाताळू देतात. शेरिल नावाची व्यवस्थापिका सहा-सात जणांना फिरवत होती. ओला दोर, कंदील, राखणदाराचा खरबरीत कोट.

सगळे खाली पहिल्या रांगेत येऊन बसले. "आता आवाजांची ओळख," शेरिल म्हणाली.

"मी लायनल. पिवळा रेनकोट घालतो. दाढी खोटी आहे, पोट खरं आहे," हार्कर म्हणाला. लोक हसले. मग तो गॅलरीकडे तोंड करून गरजला, "कुणी आहे का तिकडं?"

मॉरीननं कान देऊन ऐकलं.

हा नव्हता. गोल, घोटलेला, शिकलेला आवाज. रेडिओनं फसवलं होतं.

तिला आधी रडू आलं आणि मागोमाग विलक्षण हलकं वाटलं. दहा वर्षं! परक्या माणसांच्या गळ्यांवर कान ठेवून बसण्यात दहा वर्षं घालवली, आणि शेजारी हा भला माणूस लिंबाच्या बिया काढत बसला. पुरे झालं. पुढच्या वेळी यॉर्कला जायचं ते नुसता केक खायला.

"सोबत आलेल्यांपैकी कुणाला हाक मारून बघायचीय का?" शेरिलनं विचारलं. "मजा येते. नाट्यगृह केवढं आहे ते कळतं."

"याला न्या," मॉरीन म्हणाली.

"नको गं, मॉ," डेसमंड कुजबुजला.

"जा की राव!" पलीकडून म्हातारा विल्फ म्हणाला. त्याच्या पायाशी त्याचा कुत्रा घोरत होता. "घरी बायकोवर ओरडता, तसं ओरडा!"

"घरी ओरडतच नाही हो हा," मॉरीन हसून म्हणाली. तिनं त्याचा हात दाबला. "जा ना, डेस. माझ्यासाठी. आज मी फार खूश आहे."

त्यानं आपला हात हळूच सोडवून घेतला. मग उठला. त्याची पावलं लाकडी पायऱ्या चढून रंगमंचाच्या मधोमध गेली.

"कुणी आहे का तिकडं?"

"अहो, हा आवाज कुठं लपवला होतात?" शेरिल ओरडली. विल्फनं टाळ्या वाजवल्या. कुत्रा जागा होऊन भुंकला.

मॉरीननं टाळ्या थांबू दिल्या. मग ती खुर्चीच्या दांड्याला धरून उभी राहिली.

"आहे," ती म्हणाली. "मी आहे, डेसमंड. तेव्हाही होते."