उजवा कौल

धाकूने खांद्यावरची पिशवी खाली ठेवली नव्हती, तोच जयवंतने विचारलं, "बाबा, काय म्हणाला देव?"

गावाहून रात्रभर एसटीत बसून आलेला बाप. पायांना सूज, डोळे लाल. आधी पाणी विचारावं एवढं भान पोराला नव्हतं, आणि त्यात त्याचा तरी काय दोष? फिआटचा मालक दहा वाजेपर्यंतच थांबणार होता. त्यानंतर ती टॅक्सी दुसऱ्या गिऱ्हाइकाची.

मालन मोरीपाशी भांडी घासत होती. तिने हात थांबवले, पण मान वर केली नाही.

जयवंत पाच वर्षं दुसऱ्याची टॅक्सी चालवत होता. मालकाचे मालकाला देऊन हातात काय उरायचं ते घरात सगळ्यांनाच ठाऊक होतं. आता जुनी फिआट परमिटसकट मिळत होती. अंधेरीचा एक सावकार पैसे द्यायला तयार होता, फक्त त्याला मरोळची ही खोली तारण हवी होती. धाकूची गिरणीतली नोकरी गेल्यापासून घरात ही एकच वस्तू अशी उरली होती, जिच्यावर कुणी पैसे देईल. खोलीचे कागद मालनच्या ट्रंकेत आणि ट्रंकेची किल्ली तिच्या कमरेला. पंधरा दिवस घर नुसतं धुमसत होतं. शेवटी मालननेच तोड काढली. गावच्या देवाला कौल लावा. तो हो म्हणाला तर मी किल्ली देते.

कौलाची रीत साधी. गुरव गाऱ्हाणं घालतो, देवाच्या अंगावर दोन्ही बाजूंना ओल्या पाकळ्या चिकटवतो. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. मग शिकलेला असो की अडाणी, माणूस श्वास रोखून त्या पाकळीकडे बघत राहतो.

"बोला ना, बाबा!"

"उजवो," धाकू म्हणाला. "उजवो दिल्यान."

जयवंतने टाळीच वाजवली. "बघ आई! बोललो होतो ना मी? आता दे."

मालनने पदराला हात पुसले. ट्रंक उघडली. तळातली प्लॅस्टिकची पिशवी काढून त्याच्या हातात दिली, पण लगेच सोडली नाही.

"ही एकच खोली आसा रे."

"दोन वर्षांत सोडवून आणतो, आई. दिवसरात्र चालवीन. एअरपोर्टची लाइन लावीन. झकास गाडी आहे, बघशील तू." त्याने हळूच ओढून पिशवी सोडवून घेतली आणि बापाच्या पाया पडायला वाकला. धाकूने पाय मागे घेतला. पोराला वाटलं, सूज दुखत असेल.

तो जिन्यावरून धडधडत उतरला.

"पाकळी खय आसा?" मालनने विचारलं. उजवा कौल झाला की ती पाकळी गुरव प्रसाद म्हणून देतो. कुणी ती विसरून येत नाही. "गाडयेत ठेवूक होयी ती."

धाकूने सदऱ्याचा खिसा चाचपला. पिशवीत हात घातला. नारळ निघाला, आमसुलांची पुडी निघाली, एसटीचं तिकीट निघालं. मग त्याने शोधायचं सोंगही सोडून दिलं.

"डावो?"

"तीन येळा लावूक सांगलंय गुरवाक. तिनय येळा डावो."

"मगे खोटा कशाक बोललात?"

उत्तराला न थांबता मालन गॅलरीत धावली. जयवंत खाली नळापाशी उभा राहून शेजाऱ्याला पिशवी दाखवत होता. एक हाक पुरली असती.

आत धाकू भिंतीला पाठ लावून खाली बसला होता.

"संपात रवाचा काय नाय, ह्या इचारूक पण मीच गेललंय," तो म्हणाला. "तेवा देवान उजवो दिल्यान होतो."

मालनला ते माहीत होतं. घरात त्याबद्दल कुणी कधी बोलत नसे, एवढंच. धाकूच्या खात्यातले जे लोक त्या महिन्यात मुकाट्याने गिरणीत परतले, ते आजही पगार घेत होते. देवाच्या शब्दावर संपात टिकून राहिलेला तिचा नवरा मरोळच्या एका कारखान्याच्या फाटकावर वॉचमन होता, आणि साहेबांची गाडी आली की उठून सलाम करत होता.

"म्हणान ह्या टायमाक..." धाकू सुजलेले पाय चोळत म्हणाला.

"म्हणान काय? ह्या टायमाक बरा होतला?"

"माका ठावक नाय."

तिला त्याचा संताप आला. त्याहून जास्त दया आली. हाक मारायची म्हणून तिने तोंड उघडलं होतं, ते तसंच राहिलं. खालून जयवंतचं लक्ष गेलं.

"काय गं आई?"

सगळी चाळ वर बघत होती.

"जेवक येतलंस मा?"

"गाडी घेऊनच येतो!" त्याने पिशवी उंच हलवली. "तुम्हा दोघांना फिरवून आणतो. बाबांना झोपू देऊ नकोस हं!"

"झोपाचे नाय ते," मालन म्हणाली.