पहिली शिट्टी

घरात संडास पाहिजे म्हणून नववीतली शिवकन्या अन्नत्यागाला बसली, तेव्हा तिच्यासोबत ताट सरकवणारी घरात एकटी वैनीच होती. "ताई, तुम्ही उपाशी तर मीबी उपाशी!" मग काय, बाबांनी हात टेकले. अंगणात निळ्या दाराचा झकास संडास उभा राहिला. आईनं गल्लीभर पेढे वाटत सांगितलं, "आता आमच्या घरची बाईमाणसं बाहेर जाणार न्हाईत!" शाळेनं तर शिवकन्येच्या गळ्यात उघड्यावर जाणाऱ्यांना अडवणाऱ्या पहाटेच्या पथकाची शिट्टीच घातली.

पहिल्याच पहाटे ओढ्याकडं टमरेल घेऊन चाललेली एक बाई दिसली. शिवकन्येनं असली शिट्टी फुंकली, की बाभळीवरचे बगळे उडाले! मागून पथकातल्या मैत्रिणी खिदळल्या, "काकू, लाज वाटू द्या थोडी!" बाईनं पदर आणखीच पुढं ओढला. शिवकन्येनं धावत जाऊन तोंडावर बॅटरी मारली, आणि तिच्या ओठातली शिट्टी गळून पडली.

"वैनी? अगं, आपल्या घरी आहे की!"

वैनीनं टमरेल पदराआड घेतलं.



"सासूबाई म्हणल्या, सासरा जातो तिथं सुनंनं जायचं नसतं."