तांदळातले देव

टॅक्सी खाली येऊन उभी होती आणि भक्ती आत बसलीही होती. गॅस बंद आहे की नाही ते पाहून येतो, असे सांगून निहार एकटाच पुन्हा वर आला. गॅस बंदच होता. निघताना त्याने स्वतःच तो पुन्हा पुन्हा पाहिला होता.

खिडकीबाहेर बहरीनच्या अमवाज बेटाचा समुद्र होता. आधी भर घालून बेट केलेले, मग त्याच्या कडेकडेने पाणी आखून दिलेले. असा निमूट समुद्र. या खिडकीशी भक्तीच्या लग्नानंतरच्या सगळ्या दुपारी गेल्या होत्या. म्हणून तर दक्षिण इटलीच्या किनाऱ्यावरचे अशेआ हे गाव निहारने शोधून काढले होते. फारसे कुणी जात नाही असे गाव, लांबच लांब पुळण, आणि वर टेकडीवर वेलिया नावाच्या प्राचीन ग्रीक नगराचे अवशेष. भक्ती नाही म्हणाली नव्हती. तिने एवढेच सांगितले होते, की परतताना रोमहून बहरीनला यायचे की तिथूनच पुण्याला आईकडे जायचे, आणि ते कायमचे, हे ती तिथे गेल्यावर ठरवील.

त्या वेळी निहारने काहीतरी विचारायला हवे होते. त्याने विचारले ते इतकेच, की तुझे तिकीट बदलता येईल असे काढू का.

तेव्हापासून तो तिचे सामान भरणे पाहत होता. कोणती साडी बॅगेत जाते, कोणती कपाटात राहते. कानातली जाताहेत की नाहीत. त्यावरून काही कळत नव्हते. घडी घातलेला प्रत्येक कपडा त्याला एकदा परतीचा वाटे आणि एकदा निरोपाचा.

आज सकाळी मात्र तिने देव तांदळात ठेवले. घर बंद करून जाताना देव तांदळात ठेवायचे, म्हणजे ते उपाशी राहत नाहीत, ही तिच्या माहेरची रीत. स्वयंपाकघरातले देवघर रिकामे झाले आणि ओट्यावर स्टीलचा डबा आला, तेव्हा निहारला कितीतरी दिवसांनी मोकळा श्वास घेता आला होता. देव तांदळात ठेवणारे माणूस त्यांना बाहेर काढायला परत येतेच.

तरीही त्याने आता डब्याचे झाकण काढले. वर नुसता सपाट, पांढरा तांदूळ. त्याने हात आत घातला. आधी गणपतीची सोंड लागली, मग रांगणाऱ्या बाळकृष्णाची पाठ, मग शंख. अन्नपूर्णा लागेना. मांडीवर पळी घेऊन बसलेली ती पितळी मूर्ती, लग्नात भक्तीच्या आईने तिच्या ओंजळीत दिलेली. त्याने मनगट बुडेपर्यंत हात घातला, कडेकडेने फिरवला. बोटे तळाला लागली.

त्याला वेलिया आठवले. ते वसवणाऱ्यांची हकीकत त्यानेच तिला मोठ्या हौसेने वाचून दाखवली होती. शत्रूचा वेढा पडला तेव्हा त्या लोकांनी आपले मूळचे नगर सोडले, आणि जाताना बायकामुलांबरोबर देवळांतल्या मूर्तीही गलबतांत चढवल्या. मग पुन्हा कधी परतले का ते, असे भक्तीने विचारले होते. अर्धे परतले, तो म्हणाला होता. उरलेल्यांनी पुढे वेलिया वसवले.

त्याने तांदूळ तळहाताने पुन्हा सपाट केला, झाकण लावले आणि खाली येताना घराला कुलूप घातले.

“यल्ला, चला साहेब, विमान काय तुमची वाट बघत बसणार आहे?” शिवदासकाकांनी गाडी सुरू केली. अमवाजवरच्या मराठी घरांना विमानतळावर पोचवायचे आणि परत आणायचे काम वर्षानुवर्षे त्यांच्याकडेच होते. मूळचे ते गुहागरकडचे. खिडकीखाली समुद्र असताना समुद्र बघायला इटलीला कशाला जायचे, हे कोडे काही त्यांना सुटत नव्हते. आणि पडका किल्लाच बघायचा होता, तर अंजनवेलला यायचे होते. तिथे जेवणही फुकट मिळाले असते.

भक्ती हसली. तिची पर्स तिच्या मांडीवर होती आणि दोन्ही हात पर्सवर.

पूल लागला. आरशातून मागे बघत काकांनी, दर खेपेला विचारत तसेच, विचारले, “वहिनी, देव ठेवलेत ना तांदळात?”

“ठेवले.”

निहार बाहेर पाहू लागला. दोन्ही बाजूंना उथळ, हिरवे पाणी मागे पळत होते. एक वाक्य त्याने मनात जुळवले, मोडले, पुन्हा जुळवले. विमानतळाकडे वळणारा रस्ता दिसू लागला.

“भक्ती.”

“काय?”

“पासपोर्ट तुझ्याकडे आहेत ना?”

“तुझ्याच खिशात आहेत, निहार.” ती त्याच्याकडे पाहत राहिली. आणखी काही येते आहे का, याची वाट पाहिल्यासारखी. मग तिची नजर खाली, त्याच्या बाहीवर गेली. कफाच्या दुमडीत तांदळाचा एक दाणा अडकला होता.

तिने तो दोन बोटांनी अलगद काढला आणि तळहातावर ठेवला.

“गॅस बंद होता ना?”

“होता.”

ती आता काच खाली करून तो बाहेर टाकील, असे त्याला वाटले. तिने पर्सची चेन बोटभर उघडली, दाणा आत सोडला, आणि चेन पुन्हा लावून घेतली.