तोंडी हुकूम

"हा अर्ज घ्यायचा नाही," कारकूनबाईंच्या शेजारी बसलेला अधिकारी म्हणाला. सकाळपासून तो कोर्टाच्या अर्जखिडकीत ठाण मांडून बसला होता. कपडे साधे, पण बूट पोलिसांचे.

खिडकीपलीकडे एक वयस्क शिवणकामवाली उभी होती. तिची मुलगी सरकारी दवाखान्यात नर्स. पाच दिवसांपूर्वी तिला कामावरूनच उचलून नेलं होतं. मोर्चात डोकी फुटलेल्यांना तिनं टाके घातले, एवढाच तिचा गुन्हा. अर्ज अडीच ओळींचा होता. माझी मुलगी कुठं आहे ते सांगावं आणि तिला न्यायाधीशांसमोर आणावं.

बाईंनी तो दोनदा वाचला. बावीस वर्षं त्या या खिडकीत बसत होत्या. पकडलेल्या माणसाला एका दिवसाच्या आत कोर्टात हजर करायचं, हे घटनेतलं कलम त्यांना तोंडपाठ होतं. सरकारं आली नि गेली, ते कलम अजून कुणी खोडलं नव्हतं.

"का घ्यायचा नाही?"

"वरून हुकूम आहे."

"दाखवा."

"तोंडी आहे."

"मग मला ऐकू आला नाही," बाई म्हणाल्या. "लेखी द्या, खाली सही करा. आधी तो हुकूम नोंदवते, मग अर्ज परत करते."

रांगेत कुणीतरी फिस्सकन हसलं. अधिकाऱ्यानं वळून पाहिलं तशी रांग गप्प झाली. पण जागचं कुणी हललं नाही.

तो बाईंकडे झुकला. आवाज एकदम घरच्या माणसासारखा. "निवृत्तीला किती राहिली?"

"तीन वर्षं."

"यजमान अंथरुणावर असतात म्हणे. औषधपाणी, दवाखाना... विचार करा बाई."

याला घरचं सगळं ठाऊक होतं. शिक्का हातात तसाच राहिला. एकदा नंबर पडला की अर्ज दुसऱ्या दिवशी न्यायमूर्तींपुढे जायचाच. मग तो कुणाला थांबवता येत नव्हता, आणि बाईंनाही मागं फिरता येणार नव्हतं.

त्यांनी समोर पाहिलं. शिवणकामवाली ना रडत होती, ना हात जोडत होती.

"ताई, आज नाही घेतलात तर उद्या येईन," ती म्हणाली. "उद्या नाही तर परवा. मला आता दुसरं काम नाही."

"उद्या कशाला?" बाई म्हणाल्या, आणि त्यांनी शिक्का दाणकन उमटवला. नोंदवहीत नंबर घातला आणि मागच्या माणसालाही ऐकू जाईल असा मोठ्यानं वाचला. "तीनशे सतरा!"

अधिकाऱ्याचा हात नोंदवहीकडे गेला. बाईंनी ती स्वतःच त्याच्यापुढे सरकवली.

"फाडा. पानांवर आकडे छापलेले आहेत. एक पान गेलं की न्यायमूर्ती विचारतील, कुठं गेलं म्हणून. ही सगळी रांग सांगेल."

तो क्षणभर रांगेकडे बघत राहिला. मग खुर्ची मागं ढकलून ताडताड निघून गेला. बाईंनी रांगेतल्या पुढच्या माणसाचा अर्ज मागितला.

दुसऱ्या दिवशी सकाळी टेबलावर बदलीचा कागद पडला होता. शहराबाहेरच्या जुन्या कागदांच्या गोदामात, ताबडतोब. हा हुकूम मात्र लेखी होता, सहीशिक्क्यासकट. बाईंनी घडी घालून तो पर्समध्ये टाकला आणि त्या गोदामाकडे न जाता न्यायमूर्तींच्या दालनात जाऊन शेवटच्या बाकावर बसल्या.

न्यायमूर्तींनी तीनशे सतरा नंबरचा अर्ज सगळ्यांत आधी घेतला आणि मुलीला ताबडतोब हजर करायला फर्मावलं. सव्वाअकराला दोन पोलीस नर्सला घेऊन आले. अंगावर कामावरचाच पांढरा झगा, मळून करडा झालेला. पाय सुजलेले. पहिल्या बाकावरची तिची आई ताडकन उठली. मुलीनं तिच्याकडे पाहून नुसती मान हलवली.

न्यायमूर्तींनी चष्म्यावरून तिला न्याहाळलं आणि ते कोर्टाच्या शिपायाला म्हणाले, "आधी त्यांना खुर्ची द्या."

शिपायानं खुर्ची आणली. मुलीनं ती हातानं बाजूला सारली.

"नको साहेब. सहा दिवस बसवूनच ठेवलं होतं. आता उभी राहूनच सांगते."